नागपूरच्या हिंगणा रोडवरचं डी फार्म (फार्मसी डिप्लोमा) कॉलेज, दोन वर्षं काढल्यावरचा रिव्ह्यू (तीन स्टार)

नाव लिहून नाही राहिलो कारण माझं लॅब डिपॉझिट अजून ऑफिसातच अडकून आहे. बारावी सायन्स झाली, नीटमध्ये काही जमलं नाही, मग मामा म्हणाले डी फार्म करून टाक, दोन वर्षांत स्वतःचं मेडिकल टाकता येते. वाटलं औषधांची नावं पाठ करायची एवढंच असेल. कायचं काय, पहिल्याच वर्षी फार्मास्युटिक्स, केमिस्ट्री, फार्माकॉग्नोसी (म्हणजे झाडपाल्यातून मिळणारी औषधं), ॲनाटॉमी, सोशल फार्मसी, आणि 75 टक्के अटेंडन्स.

लॅबबद्दल सांगतो कारण ब्रोशरमध्ये लॅबचेच फोटो जास्त आहेत. वीस पोरांच्या बॅचला चालू वजनकाटा एक, दुसऱ्यावर वर्षभर कपडा झाकलेला. कॅलामाईन लोशनचं प्रॅक्टिकल होतं, 100 एमएलला कॅलामाईन 15 ग्रॅम, झिंक ऑक्साईड 5, बेन्टोनाईट 3, वजनासाठी लाईन लावण्यातच अर्धा तास गेला आणि घाईत मी खलात पाणी एकदमच ओतलं, झाल्या गुठळ्या. मॅडम आल्या, खलात पाहिलं, म्हणाल्या, "घरी पिठलं केलं नाही का रे कधी? बेसनात बदाबदा पाणी ओततोस काय?" मग थोडं थोडं घालून पेस्ट करायला लावली, घोटून घोटून मनगट दुखलं पण लोशन असं गुलाबी गुळगुळीत झालं ना! मॅडमला पाच स्टार, त्यात वाद नाही.

ऑफिस मात्र डोकं फिरवते. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचा, फॉर्म तीनदा परत आला, दर वेळी नवीनच कागद कमी. 500 तासांच्या ट्रेनिंगसाठी दुकान तुम्हीच शोधा म्हणाले, तर मी मेडिकल चौकात उन्हातान्हात सहा दुकानं फिरलो तेव्हा एका काकांनी ठेवून घेतलं. आठ दिवस नुसते रॅक लावले. नंतर एच-वनचं (म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा काही औषधांचं) रजिस्टर हातात दिलं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध किती दिलं, आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं. एकदा एक भाऊ आले, म्हणे सेफिक्झिम (हे एक अँटिबायोटिक) द्या, मागच्या वेळी याच गोळीनं बरं वाटलं होतं. काकांनी स्ट्रिपवरची लाल चौकट दाखवली आणि चिठ्ठी मागितली, ते भाऊ भडकून शेजारच्या दुकानात गेले. काका म्हणे जाऊ दे बापा. फार्मसी लॉचा तो अख्खा चॅप्टर मला तिथे उभ्या उभ्या समजला, वर्गात झोप यायची.

बाकी कँटीनचे तर्री पोहे चांगले, मेट्रोनं लोकमान्य नगरपर्यंत यायचं आणि पुढे ऑटो. मे महिन्यात लॅबमधले पंखे गरम हवाच फेकतात. एक्झिट एक्झामबद्दल (डिप्लोमानंतर फार्मासिस्ट म्हणून नोंदणीसाठीची परीक्षा) विचारलं की "पुढचं पुढे पाहू", अरे तीन पेपर आहेत, प्रत्येकात 50 टक्के पाहिजेत, आता नाही सांगणार तर कधी?

डिपॉझिट परत मिळालं की एक स्टार वाढवतो.