गॅस तोलून भरणारे मेस्त्री

कोल्हापुरात शाहूपुरीत आमची मटणाची खानावळ आहे. सासऱ्यांनी चार टेबलांवर सुरू केली, आता मागं ५४० चौरस फुटांचा फॅमिली हॉल आहे, ४४ खुर्च्यांचा. २०११ साली हॉलमध्ये दोन-दोन टनांचे दोन स्प्लिट एसी बसवले तेव्हा गल्लीतली पोरं दारात वारं खायला उभी राहायची. आता राजारामपुरीत इमारतींच्या मागच्या बाजूनं चक्कर मारा, भिंतीवर आउटडोअरची रांग दिसेल. साडीचं दुकान, जिम, दातांचा डॉक्टर, केकवाला, सगळ्यांचे एसी. मशीन विकणारे वाढले, बसवणारे त्याहून वाढले. ज्याच्या हातात गेज आणि पाना, तो एसीवाला.

आमच्याकडं असाच एकजण यायचा. दर एप्रिलला "वहिनी, गॅस संपलाय" म्हणायचा, तीन हजार घ्यायचा आणि जूनपर्यंत हॉल गार राहायचा. चार वर्षं दिले. गेल्या एप्रिलमध्ये एका रविवारी गिऱ्हाइकानं रुमालानं मान पुसत विचारलं, "एसीचे जादा घेता, ते कशाचे?" उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी उद्यमनगर गाठलं.

ज्या एसीच्या दुकानाबद्दल लिहितेय त्याचं नाव टाकत नाही, मेस्त्रींनीच नको म्हणून सांगितलंय. आहेत तीच कामं उरकत नाहीत म्हणे. ऑइल इंजिनच्या सुट्या भागांच्या दुकानांतून विचारत गेलात तर "तो काटा घेऊन फिरणारा" म्हटल्यावर कुणीही दाखवेल.

पहिल्या दिवशी ते आले ते मोजपट्टी आणि उदबत्तीचा पुडा घेऊन. मला वाटलं देवभोळा माणूस दिसतोय. त्यांनी एक उदबत्ती पेटवली आणि हॉल अन् स्वयंपाकघराच्या मधल्या दारात धरली. धूर वर जायचा सोडून आडवा झाला आणि सरळ चुलीकडं पळाला. चुलीवरचा एक्झॉस्ट हॉलमधली गार हवा ओढून रस्त्यावर फेकत होता! "जेवढी हवा भायेर टाकताय तेवढी कुठनं तरी आत येणारच की वहिनी. तुमी वर्षभर गल्ली गार करताय."

मग साबणाचं पाणी मागितलं. नळी जिथं मशीनला जोडली होती त्या नटावर ब्रशनं फेस लावला आणि आम्हाला जवळ बोलावलं. फेसातला एक बुडबुडा सावकाश फुगला, फुटला. तिथंच दुसरा फुगला. चार वर्षांचे बारा हजार त्या बुडबुड्यातून गेले होते. "गॅस काय डिझेल हाय का, जळून संपायला? बंद नळीत फिरतोय. कमी झाला म्हंजे गळतोय. गळती न काढता भरणं म्हंजे भोकाच्या बादलीत पाणी."

एसी विकणारा माणूस, पण नवा एसी घ्या म्हणाला नाही. आधी चुलीवरच्या हुडजवळ बाहेरची हवा आत आणणारा पंखा आणि मधल्या दाराला आपोआप मिटणारी दोन फळ्यांची झडप करून घ्या, मग बघू म्हणाले. ते मे महिन्यात झालं. नट बदलला, जुन्याच मशीनवर फरक पडला, फक्त रविवार काही निभेना. मग त्यांनी हिशेब मांडला. जेवत बसलेला माणूस साधारण दीडशे वॉट उष्णता सोडतो, त्यात त्याच्या ताटातल्या वाफेचाही वाटा. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट. म्हणजे ४४ माणसंच जवळजवळ दोन टन खाणार, भिंती, दिवे आणि बाहेरची हवा वेगळीच. आधीच्या एसीवाल्यानं फक्त चौरस फूट विचारले होते, खुर्च्या नाही.

ऑगस्टमध्ये तीन-तीन टनांच्या दोन इन्व्हर्टर कॅसेटचं, म्हणजे छतात बसणाऱ्या एसींचं, कोटेशन दिलं, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला स्वतःच फोन करून थांबा म्हणाले. घटस्थापनेला, २२ सप्टेंबर २०२५ ला, एसीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. मशीनमागं साडेआठ हजार वाचले. तसंही नवरात्रात आमच्याकडं मटण खाणारं कोण येतंय? हॉल मोकळाच होता.

जुनी तांब्याची नळी वापरा, असा माझा हट्ट होता. त्यांनी साफ नकार दिला. जुन्या मशीनमध्ये आर-२२ गॅस होता, त्याचं तेल वेगळं, नव्या आर-३२ चं वेगळं, आणि नव्याचा दाब जवळपास दीडपट. आर-२२ ओझोनला खातो म्हणून जानेवारी २०२५ पासून आपल्याकडं त्याची नवी मशीनं बनवणं बंद आहे. आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण थोडा पेट घेणारा आहे. म्हणून नळी स्वयंपाकघरातून न नेता बाहेरच्या भिंतीवरून फिरवली, पंधरा फूट जादा लागली. तेव्हा मी कुरकुरले होते. हाही गॅस कायमचा नाही, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं. हवेत सुटला तर पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापवतो, आणि किगालीच्या करारानं २०३२ पासून असले गॅस आपल्यालाही टप्प्याटप्प्यानं कमी करायचे आहेत.

नळीत नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला. सकाळी गेजचा काटा जिथल्या तिथं. मग नळीतली हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लावला, मीटरवर दाबाचा आकडा ५०० मायक्रॉनच्या खाली येईपर्यंत पोरगा स्टूल टाकून बसला. शेवटी गॅसचं सिलिंडर वजनकाट्यावर. नळी लांबली तेवढा जादा गॅस ग्रॅमवर भरला, गुजरीत सोनं तोलतात तसा. जुन्या मशीनमधला गॅससुद्धा हवेत न सोडता सिलिंडरमध्ये ओढून घेतला.

आता रडगाणं. दोन दिवस उशिरा आले, त्याबद्दल एक शब्द नाही. बोलणं फटकळ. आणि डिसेंबरात सहा नंबरच्या टेबलावर छतातून पाणी ठिबकलं, थेट तांबड्या रश्श्यात. निचऱ्याच्या नळीला उतारच कमी दिला होता. संध्याकाळी येऊन स्वतः शिडीवर चढले, पैसे घेतले नाहीत, पण ते ताट माझ्या खात्यावर गेलं ते गेलंच.

मार्चचं बिल गेल्या मार्चपेक्षा ४०० युनिटनं कमी आलं, आणि एसी २४ वर असतो. जाळ्या दर पंधरा दिवसांनी आम्हीच धुतो, तेलकट वाफेमुळं त्याला इलाज नाही. घरासाठी स्प्लिट घेणाऱ्यांना त्यांचा एक सल्ला: स्टार मोजताना लेबलवरचं वर्षही वाचा. आयएसईईआर म्हणजे खाल्लेल्या विजेच्या मानानं एसी किती गारवा देतो त्याचा आकडा. २०१८ साली साडेचार आयएसईईआरला पाच स्टार मिळायचे, जुलै २०२२ पासून त्यासाठी पाच लागले. जुना माल पाच स्टार म्हणून गळ्यात मारणारे आहेत.

माझ्याकडून पाचपैकी चार. फोन सकाळी नऊच्या आत लावा, नंतर ते छतावर असतात. आणि श्रावणातला पहिला आठवडा मागू नका. तेव्हा आमच्या कॉइल उघडून धुवायच्या आहेत, आजच सांगून ठेवलंय.