कुकू घड्याळ: रोज चावीचं की आठवड्याचं?

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधलं यांत्रिक कुकू घड्याळ (ठरावीक वेळी छोटा पक्षी बाहेर येऊन ‘कुकू’ करतो ते) घ्यायचं ठरलं की दोन पर्याय समोर येतात. एक दिवसाच्या यंत्राला देवदाराच्या फळासारखी साधारण 275 ते 320 ग्रॅमची वजनं असतात. ती वर चढवायला साखळी रोज ओढावी लागते, हीच चावी, पण किंमत कमी आणि घड्याळ हलकं. आठ दिवसांच्या यंत्राची वजनं बहुधा दीड-दीड किलोची. म्हणून भिंतीत भक्कम स्क्रू हवा. चावी आठवड्यातून एकदाच.

माझं मत आठ दिवसांच्या बाजूने आहे. रोजची चावी चुकतेच, आणि थांबलेलं घड्याळ पुन्हा लावताना लोक काटे उलटे फिरवून यंत्र बिघडवतात. घरात कुणी रोज हौसेने साखळी ओढणारं असेल, तर मात्र छोटं घड्याळही छान.

निगा दोन्हींची सारखीच. वजन हाताने उचलून साखळी ओढू नये, ती दातेरी चाकावरून निसटते. टिकटिक एकसारखी ऐकू येईपर्यंत घड्याळ किंचित डावीउजवीकडे सरकवावं. पुढे पळत असेल तर लंबकावरचं लाकडी पान जरासं खाली घ्यावं. घ्यायच्या आधी ‘व्हीडीएस’ (ब्लॅक फॉरेस्टच्या घड्याळांची जर्मन संघटना) हिचं प्रमाणपत्र नक्की बघा.