आयरिसची छाटणी आणि थंडीची तयारी : न्यू जर्सीतील एका रोपवाटिकेच्या सेवेचे परीक्षण

मध्य न्यू जर्सीत ऑगस्ट उजाडला की बागकाम करणाऱ्या कंपन्यांच्या ‘फॉल क्लीनअप’च्या, म्हणजे शरद ऋतूतील बाग-सफाईच्या, जाहिराती टपालपेटीत येऊन पडू लागतात. त्यांत आयरिस या फुलझाडाचा उल्लेख बहुधा होस्टा, डे लिली आणि पिओनी यांच्या रांगेत एका शब्दात उरकलेला असतो, जणू या सगळ्यांना एकाच दिवशी एकाच कात्रीने कापून टाकले की काम झाले. आमच्या भागातील एका छोट्या रोपवाटिकेने मात्र केवळ आयरिससाठी वेगळी सेवा देऊ केली आहे : उन्हाळ्याच्या अखेरीस दाटलेल्या गड्ड्यांची विभागणी, कडक थंडी पडल्यावर पानांची छाटणी आणि जमीन गोठल्यावर गरज असेल तेथेच आच्छादन. गेल्या हंगामात मी ही सेवा घेतली. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे रोपवाटिकेचे नाव येथे देत नाही. परंतु ज्या निकषांवर मी तिचे काम तपासले, ते निकष कोणत्याही बागकामवाल्याला लावता येतील. दर माणशी तासाला ६० डॉलर होता आणि कचरा उचलून नेण्याचे पैसे वेगळे होते. हा दर स्वस्त नाही, पण ऑगस्टच्या कामापुरता तो मला रास्त वाटला.

या सेवेची मोठी जमेची बाजू म्हणजे तेथील माणसांना थंडीचा योग्य अंदाज आहे. भारतातून आलेल्या आपल्यासारख्या बागप्रेमींची सहज प्रवृत्ती अशी असते की, हिवाळा आला म्हणजे झाडाला गोधडी पांघरायची. आयरिसच्या बाबतीत हे बहुतांशी अनाठायी आहे. बागेत सर्वाधिक दिसणारी ‘बिअर्डेड’ आयरिस, म्हणजे जिच्या खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो ती, आमच्यापेक्षा कितीतरी कडक हिवाळे सोसते. तिचा जीव जातो तो ओलीमुळे. न्यू जर्सीचा हिवाळा एकसारखा गोठलेला नसतो. चार दिवस जमीन दगडासारखी होते, मग पाऊस पडून चिखल होतो, पुन्हा पारा उतरतो. अशा वेळी गड्ड्यांवर ओलसर पाल्याचा थर बसलेला असेल, तर ते आतून कुजू लागतात. हे ज्याला ठाऊक आहे, तो माळी आयरिसवर सरसकट लाकडी भुसा पसरणार नाही, आणि या रोपवाटिकेने तो पसरला नाही, एवढ्यावरूनच मी त्यांना अर्धे गुण देऊन टाकले.

पाहणीसाठी आलेल्या बाईंनी वाफ्यांकडे नजर टाकताच जाती वेगळ्या केल्या. घरापुढच्या उन्हाच्या पट्ट्यात आमच्या बिअर्डेड आयरिस आहेत. पन्हाळीचे पाणी जेथे उतरते त्या सखल, ओलसर भागात सायबेरियन आणि जपानी आहेत. पानांची बारीक, गवतासारखी ठेवण पाहूनही या दोन गटांना एकाच मापाने कापणारे कामगार मी याआधी पाहिलेले आहेत. बाईंनी मात्र सखल भागातील झाडांना ऑगस्टमध्ये हातही लावू दिला नाही. सायबेरियन आयरिसची पाने थंडीने तपकिरी होऊन लवंडल्यावरच ती जमिनीपासून एक-दोन इंच ठेवून कापायची, आणि जपानी आयरिसला आम्लधर्मी, ओलावा धरणारी माती व मुळांवर हलके आच्छादन आवडते, एवढे सांगून त्या पुढच्या वाफ्याकडे वळल्या.

विभागणीचे काम बिअर्डेड आयरिसचे होते आणि तेच पाहण्यासारखे होते. तीन-चार वर्षांत तिचे गड्डे एकमेकांवर चढून हळदीच्या गड्ड्यांसारखी गुंतागुंत करतात, मधला भाग पोकळ होतो आणि फुले कमी होत जातात. एकदा फुललेला गड्डा पुन्हा फुलत नाही. त्याच्या कडेला फुटलेले नवे गड्डे पुढच्या मे महिन्यात फुलतात. म्हणून जुना, सुरकुतलेला मधला भाग टाकून द्यायचा आणि पानांचा एक तरी सशक्त पंखा असलेले तरुण तुकडे राखायचे. बाईंनी काटेफावड्याने अख्खा झुबका उचलला, माती झटकली आणि प्रत्येक गड्ड्यावर अंगठा दाबून पाहिला. जो टणक लागला तो एका बाजूला, जो मऊ लागला तो दुसऱ्या बाजूला. मऊ गड्ड्यातून आलेली दुर्गंधी दोन पावलांवरून जाणवत होती. तो जिवाणूजन्य कुजवा होता. त्यातील दोन गड्डे वाचवण्याजोगे होते, म्हणून त्यांनी साध्या चहाच्या चमच्याने कुजलेला गर पांढराशुभ्र भाग लागेपर्यंत खरवडून काढला आणि ते उन्हात सुकायला ठेवले. उरलेल्या सडक्या गड्ड्यांपैकी एकात बोटाच्या दोन पेरांएवढी गुलाबीसर अळी, तपकिरी डोक्याची, निवांत पसरलेली सापडली. ही आयरिस बोअरर नावाच्या पतंगाची अळी. कुजव्याला वाट बहुतेक वेळा तीच करून देते.

या अळीचे जीवनचक्र समजून घेतले की छाटणीचे वेळापत्रक आपोआप उलगडते. मादी पतंग शरद ऋतूत, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आयरिसच्या वाळक्या पानांवर, जुन्या दांड्यांवर आणि बुडाशी साचलेल्या पालापाचोळ्यात अंडी घालते. अंडी तेथेच हिवाळा काढतात, एप्रिल-मेच्या सुमारास फुटतात, आणि केसाएवढ्या बारीक अळ्या कोवळ्या पानांत शिरून आतून खात खात खाली गड्ड्यापर्यंत पोहोचतात. पानांच्या कडा करवतीसारख्या कुरतडलेल्या दिसणे आणि पानावर ओलसर रेघा उमटणे ही त्यांची खूण असते. याचा अर्थ असा की, पतंगांचा हंगाम संपल्यावर आणि अंडी फुटण्याआधी जो वाळका पाला बागेबाहेर जातो, त्याच्याबरोबर पुढच्या वर्षीचा बराचसा उपद्रवही जातो. हा पाला घरच्या कंपोस्टमध्ये टाकणे म्हणजे अंड्यांना आश्रय देणे होय. रोपवाटिकेने तो बंद पिशव्यांत भरून नेला. त्याचे पैसे वेगळे लावल्याचा थोडा राग आला होता, पण तो फार टिकला नाही.

उलट बाजूने, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिरवीगार पाने उगाच कापणे हाही तितकाच सर्रास आढळणारा अविचार आहे. ज्या झाडांची विभागणी करायची नाही, त्यांची पाने पुढच्या फुलोऱ्यासाठी गड्ड्यात अन्न साठवत असतात. त्या काळात केवळ पिवळी पडलेली किंवा ठिपके आलेली पाने काढावीत. फुलून गेलेला दांडा तर जूनमध्येच बुडातून गेलेला असावा. विभागलेल्या तुकड्यांची गोष्ट वेगळी असते : त्यांची मुळे तुटलेली असतात, म्हणून पाने सहा इंचांपर्यंत कमी केली की पाण्याची उधळपट्टी थांबते आणि झाड वाऱ्याने कलंडत नाही. पंख्याच्या दोन्ही कडा तिरक्या कापून मधोमध टोक ठेवण्याची पद्धत आहे, आणि या बाईंचा हात त्यात सराईत होता. माझ्या मते त्या टोकाचे महत्त्व निम्म्याहून अधिक दिखाऊ आहे, सरळ कापले तरी झाड तितकेच जगते. पण ओळीने लावलेले ते हिरवे पंखे दिसतात मात्र सुबक.

दोन लहान गोष्टींनी माझा या मंडळींवरचा विश्वास वाढला. पहिली म्हणजे कात्री आणि सुरी एका झुबक्यावरून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी रबिंग अल्कोहोलच्या फडक्याने पुसली जात होती. कुजवा हत्यारांवरून पसरतो हे सगळेच सांगतात, पण कामाच्या घाईत ते पाळणारे विरळा. दुसरी म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या पानावरच न पुसल्या जाणाऱ्या मार्करने जातीचे नाव लिहिले गेले, त्यामुळे तुकडे पसरून ठेवले तरी घोळ झाला नाही. लावणीही योग्य होती : मातीचा छोटा उंचवटा करून त्यावर गड्डा टेकवला, मुळे दोन्ही बाजूंना खाली सोडली आणि गड्ड्याची पाठ उघडी राहील इतपतच माती ओढली. पाठीला ऊन लागले नाही तर आयरिस रुसते. गड्डे हाताळताना हातमोजे घालायला त्यांनी मलाही सांगितले, कारण त्यांचा रस त्वचेला चुरचुरतो. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी तर कापलेले तुकडे त्याच्या तोंडी लागणार नाहीत हे आवर्जून पाहावे.

ऑगस्टचा आग्रह का, हेही येथे नोंदवतो. नव्या तुकड्याला जमीन गोठण्यापूर्वी मुळे धरायला किमान सहा आठवडे हवे असतात. मॉन्टक्लेअर येथील प्रेस्बी मेमोरियल आयरिस गार्डन्स ही १९२७ साली स्थापन झालेली बाग ज्यांनी मेच्या अखेरीस पाहिली असेल, त्यांना उतारावरचे ते वळणदार वाफे आठवतील. पाण्याचा निचरा आणि भरपूर ऊन या झाडाला काय देऊ शकतात, हे तेथे डोळ्यांनी दिसते. आपल्याकडे पुण्या-मुंबईत हे झाड लावून निराश झालेले लोक मला भेटले आहेत. त्याला सुप्तावस्थेसाठी जी थंडी लागते ती तेथे मिळत नाही. काश्मीरला एप्रिल-मेमध्ये गेलेल्यांनी मात्र तेथील कबरस्तानांत जांभळ्या-पांढऱ्या आयरिस फुललेल्या नक्की पाहिल्या असतील.

नोव्हेंबरच्या फेरीबद्दल मी तितकासा समाधानी नाही. तारीख अचूक निवडली होती : पारा काही तास २८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे २ सेल्सिअसच्या खाली जाऊन पाने मऊ पडल्यावरच ते आले. बिअर्डेडची पाने चार-पाच इंचांवर कापली गेली, बुडाशी चिकटलेली वाळकी पाने हाताने ओढून काढली गेली, आणि ऑगस्टमध्ये लावलेला एकेक तुकडा हलकेच ओढून त्याने मुळे धरली आहेत की नाही हेही तपासले गेले. पण शेवटी एका तरुण कामगाराने पाठीवरचा ब्लोअर सुरू केला आणि उरलासुरला चुरा कुंपणाकडे उडवून दिला. ज्या चुऱ्यात पतंगाची अंडी असण्याचा संभव आहे, तो गोळा करण्यासाठीच आपण पैसे मोजत असताना तो शेजारच्या झुडपांत पाठवणे हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. शिवाय त्या वाऱ्याने दोन-तीन नव्या गड्ड्यांच्या मुळांवरची माती उडाली. मी बोललो तेव्हा त्यांनी दंताळ्याने पुन्हा झाडलोट केली आणि माती लोटली, हे खरे. परंतु सगळे ग्राहक कामावर लक्ष ठेवून उभे राहत नाहीत.

त्याच फेरीत ‘हिवाळी खत’ म्हणून एक पिशवी घेण्याचा आग्रह झाला. पिशवीवरील पहिला आकडा, म्हणजे नत्राचा, चांगलाच मोठा होता. बिअर्डेड आयरिसला जादा नत्र दिले की लुसलुशीत, पाणीदार वाढ होते आणि कुजव्याला आमंत्रण मिळते. द्यायचेच असेल तर वसंताच्या सुरुवातीला कमी नत्राचे, ५-१०-१० सारखे खत थोडेसे द्यावे. मी नकार दिला आणि त्यांनीही तो विषय ताणला नाही.

आच्छादनाचे काम डिसेंबरच्या अखेरीस, जमीन गोठल्यावर झाले, आणि ते पुन्हा उत्तम होते. आच्छादन जमिनीला ऊब देण्यासाठी नसते. एकदा गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी, यासाठी ते असते. जमीन सारखी गोठू-वितळू लागली की ती फुगते आणि बसते, आणि मुळे पुरती न धरलेला गड्डा हळूहळू वर ढकलला जातो. म्हणून फक्त नव्या तुकड्यांवर, न विकल्या गेलेल्या ख्रिसमस ट्रीच्या फांद्या सैलसर रचण्यात आल्या. त्यांतून हवा खेळते, पाणी साचत नाही, आणि मेपलची पाने भिजून जशी लगद्यासारखी चिकटतात तसे येथे होत नाही. जुन्या, स्थिरावलेल्या झुबक्यांवर काहीच घातले नाही. सायबेरियन आणि जपानी आयरिसच्या मुळांशी पाइनच्या सुयांचा पातळ थर दिला.

पण या फांद्या वसंतात काढायच्या कोणी? करारात त्याचा उल्लेखच नव्हता, आणि मार्चमध्ये फोन केल्यावर ती स्वतंत्र फेरी असल्याचे कळले. मला हे पटले नाही. थंडी ओसरल्यावर आच्छादन तसेच राहिले तर डिसेंबरचे सगळे कष्ट वाया जातात, कारण नवे कोंब अंधारात आणि दमटपणात उगवतात. जी सेवा पांघरूण घालते, तिने ते काढण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे, निदान तारीख तरी लेखी द्यायला हवी. मी स्वतःच फांद्या उचलल्या. काम अर्ध्या तासाचेही नव्हते, पण गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी ते तितके सोपे नाही.

ज्यांच्या बागेत आयरिसचे पाच-सहाच झुबके आहेत, त्यांनी नोव्हेंबरची छाटणी घरीच करावी : धारदार कात्री, अल्कोहोलचे फडके आणि बंद पिशवी यांपलीकडे तिला काही लागत नाही. विभागणी मात्र कंबर मोडणारी असते आणि कुजवा ओळखायला सरावलेला हात लागतो, तेव्हा तेवढ्यासाठी ही सेवा घेण्याजोगी आहे. ठरवताना ब्लोअर वापरणार नाही, पाला सोबत नेला जाईल आणि आच्छादन मार्चअखेरीस काढले जाईल, या तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात. येत्या ऑगस्टसाठी मी उरलेल्या पट्ट्याच्या विभागणीची वेळ त्यांच्याकडेच घेतली आहे. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या फेऱ्या या वेळी घेतलेल्या नाहीत.