बिस्किटी रंग, ‘मेरिनो’ लोकर आणि बंद होणारं बुटीक

पानगळीचे कपडे विकणाऱ्या एका ऑनलाइन ‘बुटीक’ने मला गंडवलं. अशी दुकानं कशी चालतात आणि त्यांना बिस्किटी, मातकट, राखाडी असे शांत रंगच का लागतात, हे एव्हाना मला चांगलं कळलंय, म्हणून लिहितेय. परवडणारे आणि एकमेकांवर जुळणारे मोजके कपडे शोधणाऱ्या बायकाच यांचं नेमकं गिऱ्हाईक असतात.

जाहिरात भावनिक होती. दोघी बहिणी, वर्षानुवर्षं चालवलेलं छोटं दुकान, आता जड मनानं कायमचं बंद करतोय, उरलेला माल मिळेल त्या भावात. खाली फोटो: गुडघ्यापर्यंत येणारं जाड विणीचं कार्डिगन, उंच गळ्याचा स्वेटर आणि ढगळ पँट, तिन्ही एकाच बिस्किटी छटेत. कार्डिगनखाली ‘मेरिनो लोकर मिश्रित’ असं ठळक लिहिलेलं (मेरिनो म्हणजे त्याच नावाच्या मेंढ्यांची मऊ, महागडी लोकर). किंमत खोडलेल्या आकड्याच्या जेमतेम पाव. शेजारी उलटं पळणारं घड्याळ, आणि ‘आत्ता इतक्या जणी हे पाहताहेत’ अशी पाटी. ते घड्याळ पान पुन्हा उघडलं की पहिल्यापासून सुरू होतं, ही गंमत मला नंतर कळली. तिन्ही कपडे मागवले.

पार्सल यायला खूप वेळ लागला, आणि आलं ते हवा काढून चपटं केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. उचलताक्षणीच शंका आली. लोकरीचं लांब, जाड कार्डिगन एकटंच सहज अर्धा किलो भरतं. इथे तिन्ही कपडे मिळून तेवढंही वजन नव्हतं. उघडल्यावर रॉकेलसारखा भपकारा. कार्डिगन इतकं विरळ की आतून हात घातला तर बोटं मोजता यावीत. फोटोत ज्या खिशात मॉडेलनं हात घातलाय, तो खिसा म्हणजे वरून शिवलेली नुसती पट्टी. बटणं होती, काजं होती, पण काजं चिरलेलीच नव्हती.

आणि रंग. खिडकीपाशी स्वेटर आणि पँट ठीक जुळत होती. संध्याकाळी दिवा लावला तर स्वेटर गुलाबीकडे झुकला आणि पँट हिरवट दिसायला लागली. हा भास नसतो. वेगवेगळ्या धाग्यांवर वेगवेगळे रंग वापरून एकच छटा साधली की ती एका उजेडात जुळते आणि दुसऱ्यात फुटते. लाल किंवा गडद निळ्यात एवढा फरक खपून जातो. बिस्किटी रंगात मुळात रंग थोडाच, त्यामुळे पिवळा, गुलाबी, हिरवा यांची जराशी झाकही उघडी पडते. चांगले उत्पादक म्हणूनच वेगवेगळ्या दिव्यांखाली नमुने ताडून बघतात. स्वस्तात उरकायचं असेल तर ही पायरी पहिली गळते.

फसवणाऱ्याला मात्र हाच रंग सोयीचा. फोटोत उबदार उजेड टाकला की कुठलंही पातळ कापड श्रीमंत दिसतं. नक्षी नाही, छाप नाही, त्यामुळे ‘फोटोतला कपडा हा नव्हेच’ हे दाखवणंही अवघड. आणि तक्रार केली की उत्तर तयार: ‘प्रिय ग्राहक, स्क्रीननुसार रंगात किंचित फरक वाटू शकतो.’ मला हेच उत्तर आलं, पुढे लाल हृदयासकट.

म्हणून रंगावरून भांडत बसू नका. ते भांडण जिंकता येत नाही. धाग्यावर बोट ठेवा. कार्डिगनच्या गळ्याशी फक्त मापाची चिंधी होती, पण बाजूच्या शिवणीत आत एक बारीक लेबल सापडलं: ॲक्रिलिक 100 टक्के, म्हणजे निव्वळ कृत्रिम धागा. लेबल नसेल तर शिवणीतून दोन-तीन धागे ओढून चिमट्यात धरून जाळून बघता येतात (धातूच्या ताटलीवर, पाणी जवळ ठेवून). लोकर रेंगाळत जळते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की बहुधा विझते आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक भसकन पेटतं, वितळतं आणि मागे काळा टणक मणी राहतो. मिश्र धाग्यात हे इतकं स्पष्ट कळत नाही, पण माझ्या चिमट्यावर मणीच राहिला.

ॲक्रिलिक म्हणजे वाईट, असं माझं म्हणणं नाही. हलकं असतं, धुवायला सोपं, लोकर टोचणाऱ्यांना तर बरंच. काखेत आणि बाहीच्या आतल्या बाजूला लवकर गोळ्या येतात, तेवढं गृहीत धरायचं. ॲक्रिलिक म्हणून, ॲक्रिलिकच्या भावात विकलं तर माझी काही तक्रार नसती.

पैसे परत मागितल्यावरचा खेळ ठरलेला असतो. आधी ‘कपडे ठेवा, 15 टक्के परत देतो’. नाही म्हटलं की 25, मग 40. प्रत्येक उत्तराला काही दिवस. शेवटी ‘माल आमच्या गोदामात पाठवा’, आणि ते गोदाम भलत्याच देशात, पाठवणावळ कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त. यात हेतू एकच असतो, तुमची मुदत संपवणं. कार्डानं पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहाराला हरकत घेता येते, आणि मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत त्याला बहुतेक वेळा 120 दिवसांची मुदत असते. तुमच्या बँकेची मुदत वेगळी असू शकते, ती आधीच विचारा. टक्केवारीच्या एखाद्या देकारालाही ‘हो’ म्हणू नका. तडजोड झाली असं तेच पुढे करतात.

बँकेला मी रंगाबद्दल अक्षरही लिहिलं नाही. ‘वर्णनाप्रमाणे माल नाही’ एवढंच, सोबत लेबलचा फोटो आणि ऑर्डरचा ईमेल. त्या ईमेलमध्ये कपड्याच्या नावातच ‘मेरिनो’ शब्द होता, तो कामी आला, कारण तोवर दुकानाचं पानच गायब झालं होतं. पैसे परत आले. माझ्या मैत्रिणीनं अशाच एका दुकानाला थेट खात्यात रक्कम पाठवली होती. तिच्या हाती काही लागलं नाही.

मग मी जरा खोदकाम केलं. फोटोवरून शोध घेतला, तर तेच कार्डिगन एका खऱ्या उत्पादकाच्या पानावर कितीतरी पट किमतीला होतं आणि शिवाय ढीगभर ‘बंद होणाऱ्या’ दुकानांत. संकेतस्थळाचं नाव कधी नोंदवलं ते सार्वजनिक नोंदीत कुणालाही फुकट बघता येतं. वर्षानुवर्षांच्या या दुकानाचं नाव नोंदवून काही महिनेच झाले होते. पत्ता कुठेच नाही, फक्त संदेश पाठवायचा फॉर्म. कौतुकाचे अभिप्राय भरपूर, पण सगळे त्यांच्याच पानावर.

तेच फोटो घेऊन पुढे एक नवीन दुकान जाहिरातीत आलं, या वेळी आजी आणि नात. मी मुद्दाम लिहून विचारलं, बाजूच्या शिवणीतल्या लेबलचा फोटो पाठवता का? माल ज्याच्या हातात असतो त्याला हे दोन मिनिटांचं काम. उत्तरात लाल हृदय आलं आणि आणखी 10 टक्के सवलतीचा कोड.