बुबुळांची थरथर आणि दोन गोळ्या: गॅबापेन्टिन, मेमॅन्टिन

निस्टॅग्मस म्हणजे बुबुळांची आपोआप होणारी थरथर. तिच्यासाठी सर्वांत जास्त वापरून पाहिलेल्या या दोन गोळ्या. पहिली मूळची फिट्सची, दुसरी स्मृतिभ्रंशाची. त्यामुळे माहितीपत्रकात निस्टॅग्मसचं नाव सापडत नाही. प्रयोग न्यूरोलॉजिस्टच्या देखरेखीखालीच करायचा.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या २००७ च्या चाचणीत जन्मजात निस्टॅग्मसचे ४८ जण होते. ५६ दिवसांत गॅबापेन्टिन रोज २४०० मिग्रॅपर्यंत, मेमॅन्टिन ४० मिग्रॅपर्यंत चढवली. थरथर दोन्हींनी कमी झाली, पण नजर तपासायच्या तक्त्यावर सरासरी फायदा एक-दीड ओळीचाच. डोळ्याच्या पडद्यातच (रेटिनात) दोष असेल तर बुबुळं शांत होऊनही ओळी फारशा वाढत नाहीत. ही अपेक्षा आधीच स्पष्ट हवी, नाहीतर रुग्ण चांगली गोळीही फेकून देतो.

मोठेपणी सुरू झालेल्या, समोरचं दृश्य सतत हलवणाऱ्या लंबकासारख्या थरथरीत गॅबापेन्टिन ३०० मिग्रॅ चार वेळा, हा अभ्यासलेला डोस. सुरुवात मात्र रात्रीच्या एका ३०० च्या गोळीने, मग दर काही दिवसांनी वाढ. गुंगी येणं आणि तोल जाणं हीच तिची खोड. आधीच अडखळत चालणाऱ्याला ती फार महाग पडते. मेमॅन्टिनने गुंगी कमी येते, पण ४० मिग्रॅ हा स्मृतिभ्रंशाच्या नेहमीच्या २० च्या दुप्पट डोस आहे. एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) तिने लक्षणं वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तिथे आमची पसंती गॅबापेन्टिनलाच. दोन्ही मूत्रपिंडावाटे जातात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय डोस ठरवू नये.

गोळीचा प्रयोग फसतो तो मोजमापात. एक डोळा झाकला की सुप्त निस्टॅग्मस उसळतो, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवूनही वाचून घ्यावं. तक्ता ६ मीटरवर हवा, कारण जवळ पाहताना जन्मजात थरथर बहुधा आपोआप मंदावते. रुग्ण मान जशी वळवून पाहतो तशीच दर वेळी ठेवावी. मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ घ्यावा, गोळीआधी आणि नंतर, दिवसाच्या एकाच वेळेला, एकाच उजेडात. दोन गोळ्या एकत्र सुरू केल्या तर गुण कुणाचा, ते कळतच नाही.

थरथरीची दिशा दर दोनेक मिनिटांनी उलटत असेल तर या दोघींच्या मागे न लागता आधी बॅक्लोफेन (स्नायू सैल करणारी गोळी) विचारावी. ती अचानक बंद केली तर फिट्स आणि भास होऊ शकतात. गॅबापेन्टिनही हळूहळूच उतरवायची.