सव्वा लाखाचा पाय आणि दहा मिलिमीटरची टाच : आठ महिन्यांचा अनुभव

गौरी जेवणाच्या दिवशी माहेरी देवघरासमोर मी नव्या कृत्रिम पायावर अनवाणी उभी असताना मागच्या मागे कलंडले. वहिनीने दंड धरला म्हणून डोकं वाचलं. त्याच रात्री रागाच्या भरात हे लिहायला घेतलं होतं.

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. सहा वर्षं जयपूर फूट वापरला, जानेवारीत पिनवाला सिलिकॉन लायनर (उरलेल्या पायावर चढवायचं आवरण, त्याच्या टोकाची पिन कृत्रिम पायात अडकते) आणि कार्बन फूट (कार्बन फायबरचं पाऊल) घेतला. चालायला उत्तम. स्टँडपासून शाळेपर्यंत आता मध्ये टेकावं लागत नाही. घामाचा त्रास आहे, मधल्या सुट्टीत लायनर काढून पुसते. सकाळी पिन चार वेळा ‘टक्’ करून बसते. दुपारी स्टंप, म्हणजे उरलेला पाय, बारीक होतो आणि पिन आणखी खोल जाते. सहा टक् ऐकू आले की स्टंपवर एक मोजा वाढवायचा. याची सवय झाली.

सवय झाली नाही ती अनवाणी उभं राहण्याची. हा पाय दहा मिलिमीटर टाचेच्या बुटासाठी जुळवलेला आहे. बूट काढला की टाच खाली जाते, नडगी मागे कलते, गुडघा मागे ढकलला जातो आणि सपाट फरशीवरही चढ चढल्यासारखं वाटतं. आपल्याकडे चप्पल दाराबाहेर निघते. ओटा, देवघर, हळदीकुंकू, सगळं अनवाणी. मग पैसे घेताना हे कुणीच का सांगितलं नाही? तीन वेळा पाय बसवणाऱ्या सेंटरला गेले, प्रत्येक खेपेला प्रवासाचे आठशे रुपये. उत्तर एकच: ‘घरातही बूट घाला.’

डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी १९६८ मध्ये जयपूर फूट केला तो अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसासाठी. मला तो संस्थेकडून फुकट मिळाला होता, त्याची किंमत आता कळली.

तरी पाय वाईट आहे असं आज म्हणणार नाही. सासूबाईंनी स्वतःहून कोऱ्या चपला आणल्या. ‘या घरातल्याच, बाहेर नेऊ नकोस,’ म्हणाल्या. त्या घालून मी देवापुढे दिवा लावते. बाहेर जिथे अनवाणीच जावं लागतं तिथल्यासाठी चांभारदादांनी मधुमेहींच्या चपलेचं मऊ एमसीआर रबर टाचेच्या आकारात कापून दिलं, कडा घासून उतरत्या केल्या. साठ रुपये. पावलावरच्या मोज्याच्या आत टाचेखाली सरकवलं की नडगी सरळ. परवा देवळात प्रदक्षिणा पूर्ण घातली, कुणाचा हात न धरता.

रबर दोनेक महिन्यांत दबतं, म्हणून तीन तुकडे कापून घेतलेत. जमिनीवर बसायचं असेल किंवा चिखलात जायचं असेल तर जुना जयपूर फूटच. नवा पाय घेणाऱ्यांनी ट्रायलला बूट काढून, फरशीवर दहा मिनिटं चालून बघा आणि मगच उरलेले पैसे द्या. टाचेची उंची बदलता येणारे पायही मिळतात, ते महाग असतात, पण निदान विचारा. मला विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.