‘तुमचं ब्रूडिंग चुकलं’ : बटेराच्या पिल्लांच्या व्यवहारात फसवणूक कशी होते

बटेराच्या, म्हणजे अंडी-मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या छोट्या पक्ष्याच्या, पिल्लांचा व्यवहार बहुतेक एकाच वाटेने जातो. मोबाईलवर गच्च भरलेल्या शेडचा व्हिडिओ येतो. पाचशे पिल्लांचा भाव ठरतो, निम्मे पैसे आगाऊ जातात आणि दोन दिवसांनी पहाटेच्या ट्रॅव्हल्समधून खोके उतरतात. खोक्यात दहा-वीस मेलेली निघतात. ‘प्रवासात एवढी मर होतेच’ असं सांगून विक्रेता उरलेले पैसे मागून घेतो. तिसऱ्या दिवशी चाळीस मरतात, चौथ्या दिवशी शंभर. मग फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, ‘तुमचं ब्रूडिंग चुकलं’, म्हणजे पिल्लांना ऊब देऊन सांभाळण्यात तुम्हीच चुकलात.

नवा पालक इथेच गप्प बसतो, कारण आपलं ब्रूडिंग बरोबर होतं का याची त्यालाच खात्री नसते. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढतात तिथे, टाकाऊ म्हणून बाजूला काढायची पिल्लं विकणाऱ्याचं सगळं या शंकेवर चालतं. त्यामुळे पिल्लू आलं तेव्हाच कमकुवत होतं की आपल्याकडे आल्यावर बिघडलं, हे ओळखता आलंच पाहिजे. ते ओळखायला खोका उघडल्यानंतरचा पहिला तास मिळतो.

खोका उघडतानाचा व्हिडिओ चालू ठेवा. आधी वजन करा. जपानी बटेराचं अंडं 10-12 ग्रॅमचं असतं आणि त्यातून 7 ते 8 ग्रॅमचं पिल्लू निघतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पन्नास पिल्लं एकदम ठेवली तर 350 ते 400 ग्रॅम भरायला हवीत. 300च्या खाली भरली तर अंडी बारीक होती किंवा पिल्लं पाण्यावाचून सुकली आहेत. सुकलेल्या पिल्लाचे पाय काडीसारखे, कातडी सुरकुतलेली असते. आता पंख उलगडून बघा. एक दिवसाच्या पिल्लाला नुसती मऊ लव असते, पंखावर पिसांची टोकं तिसऱ्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतात. ‘आजच निघालेली’ म्हणून आलेल्या पिल्लांना पिसांच्या काड्या फुटलेल्या असतील, तर ती दोन-तीन दिवस गिऱ्हाईक मिळेपर्यंत तिथे पडून होती.

सर्वांत महत्त्वाची बेंबी. पिल्लू तळहातावर उताणं धरा आणि पोटावरची लव हलकेच फुंकून बाजूला करा. निरोगी बेंबी मिटलेली, कोरडी असते, बोट फिरवलं तर काही लागत नाही. काळ्या गुंडीसारखी खपली, लोंबणारा दोरा, ओलसरपणा, फुगून घट्ट झालेलं पोट आणि कुजका वास, यातलं काहीही दिसलं तर ते पिल्लू हॅचरीतूनच बिघडून आलं आहे. मळकी अंडी, अस्वच्छ हॅचर (पिल्लं अंड्यातून बाहेर येतात ते यंत्र), चुकलेला दमटपणा ही त्याची कारणं. पोटातला बलक शोषला जायच्या ऐवजी सडतो आणि अशी पिल्लं पहिल्या आठवड्यात मरतात. पन्नासपैकी किती बेंब्या अशा निघाल्या ते कागदावर लिहा, फोटो काढा आणि त्याच तासात विक्रेत्याला पाठवा. चौथ्या दिवशी पाठवलेल्या फोटोला काही किंमत राहत नाही.

ब्रूडिंग चुकल्याची मर निराळी दिसते. गारठलेली पिल्लं एकमेकांवर चढून ढीग करतात, सकाळी कोपऱ्यात चपटी झालेली सापडतात आणि त्यांची बेंबी स्वच्छ असते. बुडून मेलेली पाण्याच्या भांड्यातच दिसतात. म्हणून भांडं उथळ हवं आणि त्यात गोट्या किंवा खडे टाकलेले हवेत. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: सतत गारठा लागला तरी बलक पोटात तसाच राहतो. म्हणजे फाडल्यावर बलक दिसला एवढ्यावरून विक्रेत्याचा दोष ठरत नाही. पहिल्या तासाचे फोटो आणि पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल एकत्र असले की बाजू पक्की होते. ताजी मेलेली तीन-चार पिल्लं पिशवीत घालून बर्फावर ठेवा आणि लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. फ्रीजरमध्ये गोठवली तर तपासणीला नीट उपयोगी पडत नाहीत. पुण्यात औंधला राज्याचा पशुरोग अन्वेषण विभाग आहे, तिथेही नमुने जातात.

आपली बाजू स्वच्छ असावी म्हणून खोके येण्याआधी ब्रूडर (पिल्लांना ऊब देण्याची जागा) तापवून ठेवा. पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर लावून पहिला आठवडा 37-38 अंश, पुढे आठवड्याला तीनेक अंश कमी. एलईडी बल्बाने ऊब मिळत नाही, तारेचेच बल्ब लागतात आणि वीज गेल्यावर काय करायचं ते आधी ठरलेलं हवं. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावर पाय फाकतात. गोणपाट घाला.

कमकुवत पण बेंबी बरी असलेली पिल्लं वेगळी काढा, कारण धडधाकट पिल्लं त्यांना तुडवतात. कोमट पाण्यात गूळ, लिटरला साधारण 80 ग्रॅम, फक्त पहिले तीन-चार तास. जास्त वेळ ठेवलं तर विष्ठा चिकट होऊन गुदद्वाराशी साचते. पाण्यात चोच हलकेच टेकवा. ड्रॉपरने तोंडात पाणी सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं. मग प्री-स्टार्टर (पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) मिक्सरमध्ये बारीक करून द्या, प्रथिनं 24 टक्क्यांच्या आसपास हवीत. फाकलेले पाय चिकटपट्टीच्या बारीक पट्टीने नैसर्गिक अंतरावर दोन-तीन दिवस बांधले तर बरेचदा सरळ होतात. बेंबी सडलेल्यांवर मात्र औषधाचा खर्च करू नका. ती वाचत नाहीत.

फसवणुकीचा दुसरा हप्ता इथेच असतो. मर सुरू झाली की तोच विक्रेता ‘बूस्टर’ नावाची बाटली पाठवतो, तिच्यावर घटकांची यादी नसते आणि पैसे निराळे लागतात. ‘लसीकरण केलेली पिल्लं’ म्हणून दर वाढवणाराही तसाच. जपानी बटेराला कोंबडीसारखं लसीकरण रूढ पद्धतीत केलंच जात नाही.

तिसरा प्रकार ‘सगळ्या माद्या’ देण्याचा. नेहमीच्या तपकिरी बटेरात नर-मादी तीन आठवड्यांच्या सुमारास छातीच्या पिसांवरून कळते: नराची छाती विटकरी, मादीची ठिपक्यांची. त्याआधी त्या वाणात खात्री देणारा खोटं बोलतो. पांढऱ्या बटेरात तर रंगावरून तीन आठवड्यांनंतरही कळत नाही.

कमकुवत पिल्लं मुळात निघतात कशामुळे, तेही पैसे देण्याआधी विचारा. जपानी बटेर 1974 साली कॅलिफोर्नियातून भारतात आणली गेली, उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संशोधन संस्थेतून ती देशभर पसरली. या पक्ष्यात आप्तसंकराचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पक्ष्यांच्या पैदाशीचा, फटका फार लवकर बसतो: अंडी फुटत नाहीत, निघालेली पिल्लं दुबळी असतात. वर्षानुवर्षं घरच्याच कळपातून पैदास करणाऱ्याची पिल्लं कितीही जपली तरी मरतात. म्हणून कळपात बाहेरचे नर कधी आणले, एका नरामागे माद्या किती (दोन-तीन असाव्यात), अंडी यंत्रात ठेवण्याआधी किती दिवस साठवली (सातपेक्षा जास्त नकोत), हे विचारा. जो उत्तर टाळतो, त्याला आगाऊ देऊ नका.

‘पक्षी आम्हीच परत घेऊ’ या हमीवर तर अजिबात जाऊ नका. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबड्यांच्या हमीखरेदीत किती शेतकरी बुडाले ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पोलिसांकडे जाताना वजनाची चिठ्ठी, खोका उघडतानाचा व्हिडिओ, बेंब्यांचे फोटो, शवविच्छेदनाचा अहवाल आणि पैसे भरल्याची नोंद सोबत न्या. स्वतःच्या उपजीविकेसाठी पालन करत असाल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं.